आर्कटॅनवाल्यांनो, कात्रजचा घाट दाखवू नका

लंबगोल्या: काल इथेच एकाने सल्ला दिला: 'पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेल्या एक्स-वाय-झेडवरून अक्षांश हवाय? झेडला अक्षापासूनच्या आडव्या अंतराने भागा, आर्कटॅन घ्या, म्हणजे गुणोत्तरावरून कोन मिळेल. लायब्ररी कशाला?' खाली वाहवा! अहो, तो कोन पृथ्वीच्या केंद्रातला. नकाशावरचा अक्षांश लंबगोलाच्या, म्हणजे ध्रुवांपाशी चपट्या धरलेल्या पृथ्वीच्या, पृष्ठाला लंब असलेल्या रेषेवरून ठरतो. ४५ अंशांवर दोघांत कोनाच्या साडेअकरा मिनिटांचा (६० मिनिटं म्हणजे एक अंश) फरक, पुण्यात सुमारे सात. शनिवारवाड्याची खूण जवळपास १३ किलोमीटर दक्षिणेला जाईल. म्हणजे लोकांना खरोखरच कात्रजचा घाट!

गोलंदाज: तो 'एक' मीच. नाव घ्यायला लाजता कशाला? ऑनलाइन नकाशांचं वेब मर्केटर प्रक्षेपण ६३७८१३७ मीटर त्रिज्येचा गोलच धरतो. जग वापरतंय, कुणाचं अडलंय?

लंबगोल्या: सूत्र गोलाचं, पण त्यात जाणारा अक्षांश जिओडेटिकच, म्हणजे लंबरेषेवरून ठरणारा! तुमचा आर्कटॅन तिथे घाला, मग बघू कुणाचं अडतं. एक्स-वाय-झेडवरून अक्षांश काढायचं बाऊरिंगचं सूत्र १९७६ पासून आहे, प्रोज या लायब्ररीत 'कार्ट' उलट दिशेने चालवलं की काम होतं. तेवढाही कंटाळा?

गडवेडा: अक्षांशाचं जाऊ द्या. कळसूबाई १६४६ मीटर ना? माझ्या जीपीएस रिसीव्हरने साठेक मीटर कमी दाखवली. ग्रुपवर फोटो टाकला तर 'शिखर राहिलं वाटतं' म्हणून अजून चिडवतात.

लंबगोल्या: ती लंबगोलापासूनची उंची. आपल्याकडे जिऑइड, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीचा पृष्ठभाग, लंबगोलाच्या खाली आहे, समुद्रसपाटीची उंची हवी तर तो फरक मिळवा. रिसीव्हर बिचारा बरोबर होता.

बांधावरचा: तुमचं शिखर कुठे पळून जात नाही. आमचा बांध गेला! आजोबांच्या वेळची मोजणी शंकू-साखळीची, ३३ फुटी साखळी. परवा मोजणीवाला रोव्हर, म्हणजे सॅटेलाइटवरून जागा मोजणारं यंत्र, घेऊन आला आणि खूण चार फूट आमच्या शेतात ठोकून गेला. विचारलं तर म्हणे, 'सॅटेलाइट सांगतंय.'

गोलंदाज: घ्या! अचूकतेचे भक्त.

लंबगोल्या: सॅटेलाइटला तुमचा बांध काय माहीत? रोव्हर बिंदू सांगतो, हद्द जुन्या मोजणीच्या टिपणात आणि पोटहिस्स्यांच्या फाळणी नकाशात. ते कागद कुठल्या खुणांवर बसवले, ते विचारा.

बांधावरचा: विचारलं. 'अपील करा' म्हणाला. शेजारी मात्र दुसऱ्याच दिवशी नांगर घालून मोकळा. तुम्हाला सात मिनिटांची चिंता, मला चार फुटांची.

गडवेडा: शेजाऱ्याशी बोलून बघा ना.

बांधावरचा: तुम्ही कधी भावकीत राहिलाय का हो?

गोलंदाज: बरं, महाराज. अक्षांशाचा आर्कटॅन काढून टाकला, पोस्ट दुरुस्त केली. पण रेखांश? वाय आणि एक्सचा आर्कटॅन-२ (दोघांची चिन्हं बघून कोन देणारा आर्कटॅन), गोल धरा की लंबगोल, उत्तर तेच. तिथे तरी मी बरोबर ना?

लंबगोल्या: रेखांशापुरते. अभिनंदन.

बांधावरचा: आणि माझे चार फूट?