जुन्या कापडी बाहुल्यांच्या कपड्यांची अदलाबदल झाली असेल, तर ती कशी ओळखावी?

मलप्रभाकाठ (खानापूर) :
नमस्कार. गेली आठ-नऊ वर्षे मी जुन्या बाहुल्या जमवत आहे. गेल्या महिन्यात आमच्या आजीची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी तीन बाहुल्या मिळाल्या. दोन घरी शिवलेल्या, कापडी, वीतभर उंचीच्या आहेत. पहिलीला इरकली लुगडे कासोटा घालून नेसवलेले असून अंगात खणाची चोळी आहे, तर दुसरीला पांढऱ्या मलमलीचा परकर आणि पोलके आहे. तिसरी प्लॅस्टिकची, साडी नेसलेली, नाकात तारेची नथ असलेली आहे आणि तिच्या कंबरेखाली १९६६ हे वर्ष कोरलेले आहे.

माझी अडचण चोळीची आहे. पहिलीच्या खांद्यावरून ती घसरते आणि पाठीमागे टाचणी लावून आवळलेली आहे; तीच चोळी दुसरीच्या अंगाशी धरून पाहिली, तर बेतून शिवल्यासारखी बसते. दोघींचे कपडे बदलून मूळ जोडी पुन्हा जुळवावी असे मला वाटते, तर आमच्या वहिनींचे म्हणणे असे की, आधी सर्व कपडे रिठ्याच्या पाण्यात धुवून घ्यावेत. आपण काय सुचवाल? आणि १९६६ हे वर्ष धरले, तर तिन्हींत प्लॅस्टिकची बाहुलीच सर्वांत जुनी ठरते का?

विणकराघरची (शहापूर, बेळगाव) :
ताई, धुण्याची घाई कृपया करू नका. इरकली लुगड्याचे अंग बहुधा सुती असते, पण काठ आणि पदर रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, आणि हे कृत्रिम रेशीम ओले झाले की त्याची ताकद फार कमी होते. कोरडे असताना धडधाकट दिसणारा काठ पाण्यात हलक्या हाताने चोळला तरी विरतो, आणि पदराचा लाल रंग सुटला तर तो पांढऱ्या भागावर कायमचा बसतो. काठाचा आपोआप सुटलेला एखादा धागा मिळाला, तर तो चिमट्यात धरून, लुगड्यापासून लांब जाऊन जाळून पाहा. केस जळल्यासारखा वास आला तर ते खरे रेशीम, कागद जळल्यासारखा आला तर कृत्रिम रेशीम किंवा सूत. शिलाईच्या दोऱ्याचीही अशीच परीक्षा घ्या. त्याची वितळून काळी, कडक गुठळी झाली, तर तो पॉलिएस्टरचा, म्हणजे ती शिलाई नंतरच्या काळातली आहे.

दुसरी गोष्ट लुगड्याच्या तुकड्याची. बाहुलीच्या अंगावर लाल रंगात पांढऱ्या शिखरांची ओळ दिसते का, ते पाहा. तो टोपपदर होय. आमच्या घरात लुगडे विरले की आधी बसण्याचा भाग जाई, पदर मात्र शाबूत राही, आणि मग त्यातूनच मुलींच्या बाहुल्यांना लुगडी होत. चार बोटे रुंदीचा काठ वीतभर बाहुलीला फार मोठा होतो. म्हणून तो निम्मा आत दुमडून धावदोरा घातलेला असेल. तो दुमड उलगडू नका, कारण आतल्या बाजूला उजेड न लागलेला मूळ रंग जसाच्या तसा असतो. हे कापड बाहुलीपेक्षा बरेच जुने असू शकते, त्यामुळे कापडाच्या वयावरून बाहुलीचे वय ठरवणे धोक्याचे आहे. चोळीच्या खणाचेही तेच. तो खणांसाठी प्रसिद्ध असलेल्या गुळेदगुड्ड गावचा असला, तरी आधी कुणाच्या तरी ओटीत पडलेला, मग अंगावर वापरलेला आणि शेवटी उरलेला तुकडा असणार.

निपाणी बसस्थानक :
प्लॅस्टिकच्या बाहुलीपुरते लिहितो. ती बार्बी असावी. पहिली बार्बी मार्च १९५९ मध्ये अमेरिकेत बाजारात आली, पण अंगावर कोरलेले १९६६ हे त्या शरीराच्या रचनेच्या स्वामित्वहक्काचे (कॉपीराइटचे) वर्ष आहे, बाहुली बनवल्याचे नव्हे. ते साचे पुढे कित्येक वर्षे वापरात होते. भारतात लिओ मॅटेल या कंपनीने काढलेल्या साडीतल्या बार्बीच्या अंगावरही हे वर्ष सापडते. ‘इंडिया’ हा शब्द कोरलेला दिसला, तर ती कापडी बाहुल्यांहून बरीच अलीकडची समजावी. साडीला मागे टिच बटण आहे का, तेही तपासा.

नथ आजच काढून ठेवा. तांब्या-पितळेची तार प्लॅस्टिकला हिरवा डाग पाडते आणि तो आत मुरतो. माझ्या एका बाहुलीचे दोन्ही कान असे गेले, याचे मला आजही वाईट वाटते. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील, तर त्याही काढा; त्यांच्या वाफेने काही प्रकारचे प्लॅस्टिक मऊ पडते.

टिळकवाडी वाचक :
चोळी कोणाची हे मापावरून नव्हे, तर अंगावरून कळेल. दोन्ही कापडी बाहुल्यांचे कपडे न ओढता जरासे वर उचला आणि खिडकीपाशी उजेडात पाहा. वर्षानुवर्षे एकच चोळी अंगावर राहिली असेल, तर तिच्याखालचे कापड उजळ राहते, बाहेरचे पिवळे पडते, आणि बाहीच्या कडेशी या दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसते. लुगड्याचा रंग घामाच्या हातांनी सुटून कंबरेला लागलेला असतो, तोही शोधा. टाचणी मात्र काढावीच लागेल. ती गंजली असेल तर ओढू नका, गोल फिरवत सोडवा.

तरीही कपडे बदलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. संग्रहासाठी नव्या घेतलेल्या बाहुल्यांची जोडी जुळवणे योग्य, पण या घरात खेळून वापरलेल्या आहेत आणि मुली कपडे बदलतच खेळत असत. ती टाचणीसुद्धा त्या खेळातल्याच कुणीतरी लावलेली आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर) :
सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी उजेडात पाहिले. दुसरीच्या दंडावर बाहीच्या कडेची रेघ ठळक आहे, म्हणजे चोळी मुळात तिचीच. पण कंबरेवरचा लालसर डाग दोघींनाही आहे! आत्याला फोन केला, तेव्हा तिने सांगितले की लुगडे एकच होते, आणि बाहुला-बाहुलीच्या लग्नात जी नवरी होई तिला ते नेसवत. शेवटच्या लग्नात नवरी पहिली होती, म्हणून चोळीही तिला गेली आणि टाचणी आत्यानेच लावली.

कपडे आहेत तसेच ठेवणार आहे. टाचणी गंजली होती, ती फिरवत काढली; तिच्या जागी सुती दोऱ्याचा एक सैल टाका घातला आणि टाचणी कागदात गुंडाळून बाहुल्यांसोबतच ठेवली. बार्बीच्या पाठीवर ‘इंडिया’ हा शब्द सापडला. तिच्या नथीखाली हिरवा ठिपका आलेला आहे. तो फिका करण्याचा खात्रीचा उपाय कुणी स्वतः करून पाहिला असेल, तर अवश्य लिहावे.