सहायक लोको पायलट: 'सायको', डोळ्यांची अट आणि प्रशिक्षण यांविषयी मार्गदर्शन हवे

प्रश्न (कराडची पदविकाधारक)

नमस्कार. मी विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली असून रेल्वे भरती मंडळाच्या सहायक लोको पायलट पदाच्या परीक्षेचे संगणकावरील पहिले दोन्ही टप्पे उत्तीर्ण झाले आहे. अर्ज मुंबई मंडळाकडे केलेला आहे. आता अभियोग्यता चाचणी, जिला आम्ही सगळे 'सायको' म्हणतो, समोर आहे आणि त्यानंतर कागदपत्रांची पडताळणी व वैद्यकीय तपासणी होईल.

माझ्या उजव्या डोळ्याला उणे अर्धा क्रमांक आहे. चष्मा मी फक्त वर्गात दूरचा फळा वाचताना लावत असे. एका मैत्रिणीचे म्हणणे असे की लेझर शस्त्रक्रिया करून घेतली की प्रश्न सुटतो आणि वैद्यकीय तपासणीत कोणाला काही कळतही नाही. हे योग्य आहे का? शिवाय सायकोसाठी शिकवणी लावावी की स्वतः सराव करावा, याचाही निर्णय होत नाही.

घरच्यांचा प्रश्न वेगळाच आहे. निवड झाल्यावर नेमके काय शिकवतात आणि इंजिनाची जबाबदारी किती तयारीनंतर देतात, हे त्यांना समजून घ्यायचे आहे. वडिलांना विशेषतः रात्रीच्या आणि घाटातल्या कामाची काळजी वाटते. पहिल्या महिला रेल्वेचालक सुरेखा यादव ज्या कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकल्या तिथेच मी शिकले, त्यामुळे हे काम मुलींना जमते हे त्यांना पटवावे लागत नाही, पण तपशील मात्र हवा आहे.

उत्तर १ (नेत्रतज्ज्ञ, पुणे)

शस्त्रक्रियेचा विचार कृपया आजच सोडून द्या. सहायक लोको पायलट पदासाठी वैद्यकीय वर्ग ए-१ लागतो आणि या वर्गात दृष्टिदोष घालवण्यासाठी लेसिक किंवा तत्सम शस्त्रक्रिया केलेला उमेदवार अपात्र ठरतो. बुबुळाच्या पृष्ठभागाचा आलेख काढला की अशी शस्त्रक्रिया दिसून येते, त्यामुळे 'कळत नाही' हे म्हणणेही खरे नाही. आज कदाचित खुला असलेला मार्ग त्या शस्त्रक्रियेने कायमचा बंद होईल.

अट अशी आहे की दोन्ही डोळ्यांनी, चष्म्याशिवाय, दूरचे ६/६ दिसले पाहिजे. जवळच्या वाचनाची कसोटीही चष्म्याशिवायच द्यावी लागते. डोळ्यासमोर अधिक दोनचे भिंग धरून धुके चाचणी घेतात आणि त्या भिंगातूनही अक्षरे स्पष्ट वाचता आली, तर लपलेला अधिक क्रमांक आहे असे समजून उमेदवाराला नाकारतात. याखेरीज रंगदृष्टी, दोन्ही डोळ्यांची एकत्रित दृष्टी, रात्रीची आणि अंधुक प्रकाशातील दृष्टी हेही तपासले जाते.

मात्र निराश होण्याआधी एक तपासणी अवश्य करून घ्या. महिनोन्महिने पुस्तक आणि मोबाइल जवळ धरून अभ्यास करणाऱ्या मुलांमध्ये डोळ्यांचे स्नायू आकसून राहिल्यामुळे तात्पुरता उणे क्रमांक दिसतो. डोळ्यांत थेंब घालून, स्नायू सैल करून केलेल्या तपासणीत खरा क्रमांक कळतो आणि कधी कधी तो शून्यच निघतो. तसे निघाले तर जवळचे काम कमी केल्याने फरक पडू शकतो. खरोखरच क्रमांक असेल आणि चष्म्याविना ६/६ दिसत नसेल, तर ए-१ मिळणार नाही. कनिष्ठ अभियंत्याच्या पदासाठी तुमची पदविका चालते आणि तिथल्या वैद्यकीय वर्गांत चष्म्याला मुभा असते. त्या जाहिरातीकडेही लक्ष ठेवा.

उत्तर २ (सहायक लोको पायलट, सोलापूर विभाग)

ताई, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी सायकोच्या आधीच करून घ्या, कारण विहित नमुन्यातले दृष्टी प्रमाणपत्र त्या चाचणीच्या वेळीच दाखवावे लागते. ते नसेल तर चाचणीला बसू देत नाहीत. वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्यास दुसरे पद दिले जात नाही, हेही जाहिरातीत स्पष्ट लिहिलेले असते.

सायकोविषयी उमेदवारांमध्ये फार गैरसमज आहेत. या चाचणीत स्मरणशक्ती, सूचनांचे पालन, खोलीचा अंदाज, एकाग्रता आणि आकलनाचा वेग अशा वेगवेगळ्या कसोट्या असतात आणि प्रत्येक कसोटीत किमान ४२ टी-गुण (इतरांच्या कामगिरीशी तुलना करून काढलेले प्रमाणित गुण) मिळवावेच लागतात. एका कसोटीत कमी पडलात, तर दुसरीतले भरपूर गुण ती उणीव भरून काढू शकत नाहीत. कोणत्याही प्रवर्गाला यात सवलत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, पण वेळ इतका थोडा असतो की एका प्रश्नावर रेंगाळणे परवडत नाही. अंतिम गुणवत्ता यादीत दुसऱ्या टप्प्यातील भाग 'अ'चे ७० टक्के आणि सायकोचे ३० टक्के धरतात. भाग 'ब' ३५ टक्क्यांनी उत्तीर्ण होण्यापुरता असतो आणि पहिल्या टप्प्याचे गुण तर यादीत येतच नाहीत. म्हणून नुसते उत्तीर्ण होण्याचे ध्येय ठेवू नका, या ३० टक्क्यांवर अनेकांचे क्रमांक खालीवर होतात.

आपल्याकडच्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. आधीचे टप्पे मराठीतून देता येतात, सायको मात्र फक्त हिंदी आणि इंग्रजीतून असते. सूचना पटकन समजण्यावरच गुण अवलंबून असल्यामुळे सराव त्याच भाषेत करा. लखनौच्या संशोधन अभिकल्प आणि मानक संघटनेच्या, म्हणजे आर.डी.एस.ओ.च्या संकेतस्थळावर या कसोट्यांची माहिती आणि नमुने आहेत. माझ्या मते तेवढे आणि रोजचा घड्याळ लावून केलेला सराव पुरतो, महागड्या शिकवणीची गरज नाही.

मुलींविषयी विचारले आहे म्हणून सांगते. कामाच्या वेळा अनियमित असतात, रात्रपाळी टळत नाही आणि बाहेरगावी रनिंग रूममध्ये विश्रांती घ्यावी लागते. अनेक जुन्या इंजिनांत स्वच्छतागृह नाही, ही अडचण खरी आहे आणि ती घरच्यांपासून लपवू नये. तरीही आज अनेक मुली मालगाड्यांवर आणि प्रवासी गाड्यांवर नियमित काम करत आहेत. सुरेखाताई १९८९ मध्ये सहायक चालक म्हणून रुजू झाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे कोणाचेच उदाहरण नव्हते. १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली, तेव्हा आमच्या लॉबीत, म्हणजे चालक कामावर हजर होतात तिथे, त्याचा केवढा अभिमान होता, हे शब्दांत सांगता येणार नाही.

उत्तर ३ (निवृत्त लोको निरीक्षक, भुसावळ)

प्रशिक्षणाविषयी मी सविस्तर लिहितो, कारण तुमच्या वडिलांची काळजी रास्त आहे आणि तिचे उत्तरही तिथेच आहे.

निवड झालेल्या उमेदवाराच्या हाती लगेच इंजिन दिले जात नाही. सुरुवातीचे काही महिने वर्गात आणि शेडमध्ये जातात. आमच्या भुसावळच्या क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी सामान्य व सहायक नियम, सिग्नलांचे प्रकार, ब्लॉक पद्धती (एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी), सतर्कता आदेश (वाटेतल्या वेगमर्यादेच्या लेखी सूचना), सिग्नल बिघडल्यावर गाडी कशी चालवायची हे शिकवतात. विद्युत इंजिनाच्या प्रशिक्षणात २५ किलोव्होल्टचा पुरवठा पेंटोग्राफमधून (टपावरच्या, तारेला टेकणाऱ्या सांगाड्यातून) आत आल्यापासून मोटारींपर्यंत कसा पोहोचतो, न्यूट्रल सेक्शनच्या, म्हणजे वरच्या तारेत वीज नसलेल्या छोट्या टप्प्याच्या, ५०० आणि २५० मीटर आधीच्या पाट्या दिसल्यावर काय करायचे, वाटेत बिघाड झाला तर तो कसा शोधायचा हे येते. एअर ब्रेकवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असा माझा आग्रह असे. ब्रेक पाइपमध्ये ५ आणि फीड पाइपमध्ये ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब का ठेवतात आणि पाइप तुटल्यावर गाडी आपोआप का थांबते, हे ज्याला मनापासून समजले तो संकटात गोंधळत नाही. परीक्षा लेखी आणि तोंडी अशा दोन्ही होतात आणि सक्षमता प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय कोणालाही कामावर पाठवत नाहीत.

त्यानंतरही तुम्ही सहायक असता. गाडी अनुभवी लोको पायलट चालवतो आणि प्रत्येक सिग्नल दोघांनी ओळखून त्याचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगायचा असतो. नवीन मुलांना पहिल्या आठवड्यात याचा संकोच वाटतो. थकलेल्या डोळ्याला पिवळ्या जागी हिरवा दिसू शकतो, आणि शेजारच्याने वेळीच 'पिवळा' म्हटले की ती चूक तिथेच थांबते, म्हणून हा नियम मी कधीही सैल होऊ दिला नाही. पुढे वरिष्ठ सहायक, शंटिंग (यार्डात डबे हलवणे), मालगाडी, प्रवासी गाडी आणि शेवटी मेल-एक्स्प्रेस असा प्रवास अनेक वर्षांचा आहे. ताशी ११० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाच्या गाड्यांसाठी पुन्हा अभियोग्यता चाचणी होते. वैद्यकीय तपासणीही सुटत नाही: ४५ वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी, ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी.

आता घाटाविषयी. मार्गाची ओळख झाल्याशिवाय लोको पायलटला त्या सेक्शनवर स्वतंत्रपणे गाडी देत नाहीत. याला आम्ही 'लर्निंग रोड' म्हणतो. आधी जाणकारासोबत फेऱ्या कराव्या लागतात, त्यांत रात्रीचीही फेरी असते, आणि मग मार्ग शिकल्याची सही करावी लागते. बोरघाटात आणि थळघाटात १:३७ इतका तीव्र चढ असल्यामुळे तिथली तयारी जास्त कडक असते. चढताना कर्जत किंवा कसाऱ्याहून मागून ढकलणारी बँकर इंजिने लावतात. उतरताना ब्रेक तपासूनच गाडी सोडतात आणि वाटेत कॅच सायडिंग, म्हणजे ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवणारे फाटे, असतात. गाडी ठरल्या जागी थांबून ताब्यात आहे असे सिद्ध झाल्याशिवाय तिथला काटा मुख्य मार्गाला लागत नाही. इतक्या वर्षांत मी जे चांगले चालक पाहिले ते सगळे या फेऱ्यांमध्ये वही घेऊन बसणारे होते. कोणत्या वळणाआड सिग्नल आहे, कुठे चढ संपून उतार सुरू होतो, पावसात चाक कुठे घसरते, याची नोंद त्यांनी स्वतः केलेली होती. प्रवेश परीक्षेतले गुण कोणाला किती होते, हे मला त्यांच्या कामात कधी दिसले नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

डॉक्टर, ताई आणि सर, तिघांचेही मनःपूर्वक आभार. शस्त्रक्रियेचा विचार सोडला आहे आणि थेंब घालून तपासणी करण्यासाठी वेळ घेतली आहे. वडिलांना सरांचे उत्तर वाचून दाखवले. त्यांनी विचारले आहे की प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी घरी काही वाचता येईल का.

उत्तर ४ (निवृत्त लोको निरीक्षक, भुसावळ)

जरूर. सामान्य नियमांचे पुस्तक मिळवा आणि त्यातील सिग्नलांचे प्रकरण आधी वाचा. डिस्टंट, होम, स्टार्टर आणि अ‍ॅडव्हान्स्ड स्टार्टर कुठे असतात आणि प्रत्येक रंगाचा अर्थ काय, एवढे कागदावर स्वतः काढून पाहा. इंजिनाच्या सर्किटचे आत्ताच पाठांतर करू नका. तुमची पदविका विद्युतची आहे, तो भाग वर्गात सहज कळेल. आणि थेंबांच्या तपासणीनंतर काही तास जवळचे धूसर दिसते, त्या दिवशी वाचन ठेवू नका.