बीएमआय 22 असेल तर कंबर कशाला मोजायची?

कडूनिंब: बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 23 च्या आत असेल तर टेप घेऊन पोट मोजत बसू नका. घाबरवून तपासण्या करायला लावायचे धंदे आहेत हे.

रानवारा: वाचून राहवलं नाही. माझा बीएमआय 22. सगळे म्हणायचे, काटक आहेस. 38 व्या वर्षी मधुमेह निघाला. हातपाय काड्या, पोट तेवढं बनियनमधून पुढे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय 22.3. अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! म्हणून तर आपल्याकडे पुरुषांना 90 सेंमी आणि बायकांना 80 ही कमरेची मर्यादा धरतात.

कडूनिंब: दोन माणसांच्या फोटोवरून अख्खा देश? माझ्या आजोबांचं पोट चांगलं सुटलेलं होतं, 91 वर्षं जगले. साखर कधी नव्हती.

रानवारा: फोटो उदाहरणादाखल दिला. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली आहेत. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सरासरी 800 ग्रॅमनी हलकी, पण पाठीवरची कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून. आजोबांचं काय सांगता?

माहेरवाशीण: 80 चं कौतुक मला नका सांगू. दोन सिझर झालीत माझी. ऑफिसच्या तपासणीत टेप लावणाऱ्या मुलाने सगळ्यांसमोर आकडा मोठ्याने वाचला. त्यानंतर मी तपासणीलाच गेले नाही.

कडूनिंब: हेच म्हणतोय मी. आणि माझी कंबर 34 इंच, म्हणजे 86 सेंमी. बसतो की तुमच्या मर्यादेत.

टाचणी: 34 पॅन्टचा नंबर ना? वडिलांचं शिलाईचं दुकान होतं, बारा वर्षं मी काजं-बटणं केली. पोट सुटलेलं गिऱ्हाईक पॅन्ट पोटाखाली घालतं, आम्ही माप तिथलंच घ्यायचो. डॉक्टरांचं माप खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. टेप लागला की माणूस पोट आत ओढतो. वडील टेप धरून पाऊसपाण्याचं विचारायचे. गिऱ्हाईक बोलायला लागलं की पोट सैल पडायचं, मग आकडा घ्यायचे.

सातारी: रेडीमेडच्या नंबरावर तर अजिबात जाऊ नका. माझ्या 34 नंबरच्या दोन जीन्स आतून मोजल्या. एक 36 भरली, दुसरी साडेछत्तीस.

कडूनिंब: आता तब्येतीचं शिंप्याकडून शिकायचं?

टाचणी: वडिलांच्या धंद्यावर जाऊ नका. चाळीस वर्षं माणसांची अंगं बदलताना त्यांनी टेपवर पाहिली आहेत.

माहेरवाशीण: विषय काय, चाललंय काय! जीन्सवरच बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा.

कडूनिंब: टाचणी, ते शिंप्याचं बोललो ते चुकलं. आत्ता मोजलं, बनियन काढून, श्वास सोडून. 97. उद्या उपाशीपोटी साखर बघतो. तपासण्यांच्या धंद्याबद्दलचं मागे घेत नाही, आणि आकडा चारचौघांत वाचण्याबद्दल ताईंचं खरंच आहे.

माहेरवाशीण: मीही मोजेन. घरी, दार लावून. आकडा इथे लिहिणार नाही.