घरापासून ४० मीटरवर गोठा, अर्थिंग वेगळं घ्यावं का?

सांगोल्याचा शेतकरी
राम राम मंडळी. सहा गाई, दोन म्हशी. घरच्या बोर्डावरून गोठ्याला फेज आणि न्यूट्रल अशा दोनच वायरी नेल्यात, दीड एमएमच्या. चार ट्यूब आणि २ एचपीची कडबाकुट्टी. तिसरी वायर नव्हती म्हणून वायरमननं कुट्टीचा सांगाडा तिथल्याच न्यूट्रलला जोडला. "न्यूट्रल म्हणजे अर्थिंगच की," म्हणाला. कुट्टी आणि पाण्याची लोखंडी टाकी एकाच अँगलवर आहेत. आठ दिवस झाले, कुट्टी चालू असली की गाई पाणी पीत नाहीत. काल कपिलेनं टाकीला नाक लावलं आणि दावं तुटेल एवढा हिसका देऊन मागं सरली. मी हात लावला तर काही नाही, टेस्टरही पेटत नाही. घरात फक्त एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे. गोठ्याला अर्थिंगचा वेगळा खड्डा घ्यावा का?

बार्शीचा जुना वायरमन
दादा, आधी मेन बंद करून ती न्यूट्रलची जोडणी काढा. खड्ड्याचं नंतर बघू.

गाय खोटं बोलत नाही. दीड एमएमच्या तांब्याच्या ४० मीटर वायरीचा रोध साधारण अर्धा ओहम. कुट्टी दहा अँपियर घेते, म्हणजे न्यूट्रलवर पाच व्होल्ट चढले, आणि तेच टाकीवर आले. मोटार उठताना त्याच्या कितीतरी पट. टेस्टरमधला निऑन एवढ्याला पेटत नाही, आणि तुमच्या पायात चप्पल. गाईचं नाक ओलं, चारी खूर शेणमुतात भिजलेले. पुढच्या नि मागच्या पायांत अंतर मोठं, करंट छातीतून जातो. माणसाला कळतही नाही तेवढ्यानं जनावर बिथरतं.

खरी भीती वेगळीच आहे. मधे कुठं न्यूट्रल तुटला तर ट्यूब, मोटारीतून आलेला फेज थेट टाकीवर उभा राहील. तेव्हा गाय नुसती दचकणार नाही.

आता खड्डा. गोठ्याजवळ घ्याच, पण भिंतीपासून दीड मीटर लांब: ४० एमएमचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप, अडीच मीटर खोल, कोळसा नि मीठ, उन्हाळ्यात पाणी. नुसत्या खड्ड्यावर मात्र विसंबू नका. अर्थिंगचा रोध १० ओहम निघाला तरी फॉल्टला, म्हणजे फेज सांगाड्याला लागला तर, २३ अँपियरच वाहतो, ३२ चा एमसीबी पडतच नाही आणि सांगाडा जिवंत राहतो. म्हणून गोठ्याच्या लाईनला घरीच ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळू लागला की लगेच पडणारा स्विच) लावा. घरून तीन कोअरची (आत तीन वायरी असलेली) आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची, केबल न्या, पाऊण मीटर खोल, वाळू नि विटा टाकून. तिसरी कोअर गोठ्याच्या खड्ड्याला जोडा. टाकी, गव्हाणीचे पाईप, पत्र्याचे खांब सगळे त्या अर्थिंगला बांधा. न्यूट्रल कुठंच जोडायचा नाही. कोबा नवा करणार असाल तर त्यात जाळी टाकून तीही जोडा, म्हणजे खूर नि टाकी एका पातळीवर राहतील.

पन्हाळ्याची ताई
काकांचं मनावर घ्या, भाऊ. आमची गाभण म्हैस अशीच गेली. आमच्या गोठ्यात १०० चा बल्ब फेज-अर्थला लावून "लख्ख पेटतोय, अर्थिंग बरोबर" असं सांगितलं होतं. तो बल्ब अर्धा अँपियरही घेत नाही, त्यावरून काय कळणार?

सांगोल्याचा शेतकरी
काका, ती जोडणी काढायच्या आधी मीटर मागून आणला. टाकी आणि लांब ठोकलेल्या सळईत कुट्टी बंद असताना शून्य, चालू केल्यावर साडेपाच व्होल्ट. लगेच मेन पाडून जोडणी काढली. नवं काम होईपर्यंत कुट्टी बंदच, वैरण विळ्यानं तोडतोय. केबल सोमवारी येतेय. ताई, तुमच्या म्हशीचं वाचून घशाखाली घास उतरला नाही. आज संध्याकाळी कपिलेनं अर्धी टाकी रिकामी केली.

बार्शीचा जुना वायरमन
आरसीसीबी बसला की महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. पडला नाही, तर त्याच दिवशी बदला.