रणांगण आणि माझा प्रवास

'रणांगण' संथ वाटली, असं काही वाचक म्हणतात; या मताशी मी असहमत. १९३९ची विश्राम बेडेकरांची ही छोटी कादंबरी मी नुकतीच पुन्हा वाचली. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तीवर नाझींमुळे परागंदा झालेले ज्यू. त्यांना उतरायला हक्काचं बंदरच नाही, मग कथानक धावणार कुठे? बोटीवरची ज्यू तरुणी हेर्टा मात्र डोक्यातून जात नाही. नायक चक्रधरचा कोरडेपणा काही ठिकाणी ओढूनताणून आणलेला वाटतो, हे मान्य.

त्यानंतर गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' हे स्वानुभवाचं प्रवासवर्णन घेतलं. दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेलेला कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक १८५७च्या धामधुमीत सापडतो. झाशीची लूट तो आतून पाहतो, आणि तरी जेवणाचे तपशील सोडत नाही! चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापताना मजकुरात फेरफार केले होते. त्यामुळे दत्तो वामन पोतदारांनी संपादलेली मूळ बखरच मिळवा.