प्ली बार्गेनिंग आपल्याकडे बायकोला मारलं तर चालत नाही

नवऱ्याने मारल्याची केस कशी मिटते असं एका ताईंनी विचारलंय, त्यावर वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्यासारखं प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल केला की कलम हलकं होतं, तसं इथेही करून घ्या. नाही हो. तिकडे सरकारी वकील आरोपीशी बोलून कलम बदलू शकतो, बायको नको म्हणाली तरी केस चालवू शकतो, आणि नागरिक नसलेल्या माणसाला त्या कबुलीवरून देशाबाहेर काढू शकतात म्हणून सही करण्याआधी इमिग्रेशनचा वकील हवाच.

आपल्याकडे प्ली बार्गेनिंग 2006 पासून आहे पण बाईविरुद्धच्या गुन्ह्याला ते मुळातच लागू नाही. मग इथे होतं काय तर राजीनामा. महाराष्ट्रातल्यांनो, नोकरीचा नाही, आम्ही इंदूरकर कोर्टातल्या समझोत्याला राजीनामा म्हणतो. साधी मारहाण, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2), मार खाणारीच मिटवू शकते. पण कलम 85, जुनं 498-अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ, मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यासाठी दोघांनी मिळून हायकोर्टात केस रद्द करायला जावं लागतं, इथे इंदूर खंडपीठात.

शेजारच्या मुलीसोबत मी कोर्टात गेले होते, सासरचे लोक टाइप केलेला कागद घेऊनच उभे, तिच्या हाताची सूजही उतरली नव्हती आणि म्हणे बेटा बस इथे सही कर. मी तो कागद तिच्या हातातून घेतला आणि पर्समध्ये ठेवला. ताई, ज्यांनी प्रश्न विचारलाय त्यांनी आधी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा, बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.