हाउसिंगला ‘डोळे झाकून १४०’? अहो, जरा डोळे उघडा

टॉर्करॉड: ट्रकच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे मागच्या एक्सलच्या डिफरन्शियलच्या (चाकांना फिरवणाऱ्या गिअरांच्या) घरात, कुठलं तेल टाकायचं यावर कालच्या पोस्टमधला सल्ला असा: “घाटात ९० नंबरचं पाणी होतं, हाउसिंगला डोळे झाकून १४० टाका. गिअरबॉक्सलाही तेच चालतं, एकच डबा घ्या.” त्याखाली लोक धन्यवाद देतायत, म्हणून एवढं लिहावं लागतंय.

९० काय, १४० काय, नंबर म्हणजे फक्त तेलाची जाडी. हाउसिंगमधल्या हायपॉइड क्राउन-पिनियनचे (मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा लहान गिअर) दात एकमेकांवर सरकत घासतात. तिथे तेलाची फिल्म फाटली की गंधक-फॉस्फरसचे ईपी (जबर दाबात काम करणारे) घटक दात वाचवतात, आणि जीएल-५ दर्जाच्या तेलात ते जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. डब्यावर जीएल-४ असेल तर १४० घेऊनही हायपॉइडचे दात जाणारच. उलट तेच जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतलं की पितळी सिंक्रो रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) झिजतात आणि गिअर पडताना कुरकुरायला लागतात.

घाटकरी: पोस्ट माझीच. मे महिन्यात भरल्या गाडीने कसारा चढून या आणि हाउसिंगला हात लावून दाखवा. १०० अंशाला ८०डब्ल्यू-९० ची जाडी राहते १५ सेंटिस्टोकच्या आसपास, ८५डब्ल्यू-१४० राहतं २५ च्या. फिल्म कुणाची टिकेल? जड गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १४० उगाच छापत नाहीत. आणि पितळेचं म्हणाल तर काही डिफरन्शियलमध्ये थ्रस्ट वॉशरही पितळीच असतात. ते कसे टिकतात?

टॉर्करॉड: वॉशरला नुसतं सरकायचं असतं, सिंक्रोला पकड धरायची असते. फरक कळला तर बघा. मॅन्युअलमध्ये १४० असेल तर खुशाल टाका, कुणी अडवलंय? पण ९० सांगितलेल्या एक्सलमध्ये पहाटेचं गार १४० पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. तिथे पंप नसतो, क्राउन उडवेल तेच तेल. ४० अंशाला १४० साडेतीनशे सेंटिस्टोकच्या घरात असतं, ९० त्याच्या निम्म्याहून कमी. वर घुसळण्यात डिझेल जातं ते वेगळंच.

लेव्हलप्लग: नंबरावरून भांडा खुशाल, पण ब्रीदर, म्हणजे हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारं तोंड, कुणी बघतं का? चिखलाने तो बुजला की गरम हवा कोंडते आणि तेल सीलमधून बाहेर पडतं. मग लोक “पातळ तेल गळतं” म्हणून १४० ओततात! ब्रीदर काढा, डिझेलमध्ये धुवा, टोपी बोटाने फिरते का बघा. अर्ध्याअधिक गळत्या तिथेच थांबतात.

हबग्रीस: अर्ध्याअधिक? मोजल्यात का? पिनियन सील गळते ती बहुतेकदा फ्लँजवर (पिनियनच्या टोकाला बसवलेल्या चकतीवर) सीलच्या ओठाने खाच पाडलेली असते म्हणून, नाहीतर पिनियन बेअरिंग ढिलं झालेलं असतं म्हणून. फ्लँज हाताने वर-खाली हलवा. हलली तर ब्रीदर गंगाजलात धुतलात तरी सील महिनाभरात परत गळणार.

लेव्हलप्लग: मागच्या हबच्या सीलला कुठली फ्लँज? तिथून तेल आत शिरतं, ग्रीस धुऊन काढतं, ब्रेक लायनर भिजतात आणि गाडी एका बाजूला ओढते. त्याचं कारण कोंडलेला दाब, नाहीतर जास्त भरलेलं तेल. गाडी सपाटीवर हवी, तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेशी तेल आलं की बास. “अजून अर्धा लिटर असू दे” म्हणणाऱ्याला आधी गॅरेजबाहेर काढा.

हबग्रीस: जास्त भरण्याचं मान्य. ब्रीदरचं नाही.

बारा टायर: तेल, सील, ब्रीदर... आणि लोड? २०१८ मध्ये चार टायरच्या सिंगल एक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. तरी लोक त्यावर चार टन जास्त घालणार आणि क्राउन तुटला की तेलवाल्याला शिव्या देणार.

टॉर्करॉड: खरंय, पण तो वेगळा धागा काढा. इथे कामाचं एवढंच: तेल गरम असताना सोडा. मॅग्नेट प्लगवर करडी, बारीक पेस्ट दिसली तर घाबरू नका. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर नवीन तेल ओतण्याआधी कव्हर उघडा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, मग नंबर कुठलाही असो.

घाटकरी: बरं, गिअरबॉक्सची ओळ पोस्टमधून काढतो, तुमचे सिंक्रो सुखात राहू देत. १४० मात्र काढणार नाही. “मॅन्युअलमध्ये असेल तर” एवढं जोडतो, ते वाचणारे तीन जण निघाले तरी खूप.

लेव्हलप्लग: ब्रीदरचंही जोडा.

हबग्रीस: आणि फ्लँजचं.